भरली की सुटणार

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या पुलावर पावणेसात वाजले आहेत. पाऊस तिरपा येतोय, त्यामुळे छपराखाली उभं राहूनही डावी बाही भिजते. लोकमान्यनगरची बस येऊन लागते. दार उघडायच्या आतच रांगेचं तोंड विस्कटतं आणि मागचे ओरडतात, "ओ, लायनीत या!" वाहक ताई पायरीवर उभ्या आहेत. तिकिटाचं मशीन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलंय. "मागे सरका, दादा. दारात थांबू नका. आजींना बसू द्या कुणीतरी." माणसं वीतभर सरकतात, आणखी चौघी आत जातात, एक मुलगा उठून आजींना जागा देतो. दोनदा घंटी वाजते, गाडी हलते. तिच्या मागे वागळे आगाराची उभीच आहे.

ठाण्याची परिवहन सेवा 1989 पासून रस्त्यावर आहे. आज तिच्या ताफ्यातल्या बऱ्याच गाड्या ठेकेदाराच्या आहेत. गाडी त्याची, चालक त्याचा. वाहक आणि तिकिटाचा पैसा परिवहनचा. गाडी किती किलोमीटर धावली त्यावर ठेकेदाराला पैसे मिळतात, आत किती माणसं बसली यावर नाही. चालक आणि वाहक एकाच गाडीत आठ तास काढतात, पण दोघांचा पगार वेगवेगळ्या दारांतून येतो. प्रवाशाला याच्याशी देणंघेणं नाही, आणि नसावंही. त्याला लोकमान्यनगरला पोचायचंय. मी मात्र हे बघत थांबते, कारण सरकारी चांगलं की खासगी चांगलं हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपासून प्रचारसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, आणि तो घालणारा माणूस घरी जाताना ज्या गाडीत चढतो तिच्यात दोन्ही आधीच एकत्र आलेली असतात.

पुलाखाली मीटरच्या रिक्षांची रांग आहे. मी जिने उतरून फलाटावर येते.

हा फलाट या वादात फार जुना साक्षीदार आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलंय. ती गाडी सरकारची नव्हती, हे मात्र पुस्तकात सहसा ठळक छापलेलं नसतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये उभी राहिलेली खासगी कंपनी होती. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेटांसारख्यांनी खटपट केली, पण भांडवल बहुतेक विलायतेतलं. त्या भांडवलाला ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली आणि जमीन फुकट दिली. गाडीने तेवढं कमावलं नाही, तर उरलेलं सरकारी तिजोरीतून भरायचं, म्हणजे इथल्या रयतेच्या साऱ्यातून. नफा झाला तर भागधारकाचा आणि तूट आली तर शेतकऱ्याची, अशा करारावर हे रूळ 1 मे 1854 ला कल्याणपर्यंत गेले. पुढे 1900 साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि 1925 साली तिचा कारभारही स्वतःकडे घेतला. जोखीम स्वतःची असेल तरच त्या धंद्याला मोकळा धंदा म्हणावं. दुसऱ्याच्या पैशावर हमी घेऊन केलेल्या धंद्याला मी तो मान देणार नाही, मग तो 1853 मधला असो की आजचा.

गाडी येते. डब्यात पाय ठेवायला जागा मिळते, हात धरायला मिळत नाही. मुंब्र्याच्या वळणावर सगळा डबा एका बाजूला कलतो आणि ओल्या छत्र्यांचं पाणी सगळ्यांच्या पायांवर सांडतं. डोंबिवली.

पूर्वेच्या जिन्यावरून माणसं उतरतायत ती थांबतच नाहीत. एक गाडी रिकामी होईपर्यंत पुढची येते. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर किती टॉवर उठले ते या जिन्यावर उभं राहिल्यावर कळतं. खाली इंदिरा चौकात आवाजांची झिम्मड उडालेली आहे. "मानपाडा, मानपाडा, एक सीट!" "नांदिवली बोला, नांदिवली!" "लोढा हेवन, दोन पाहिजेत, दोन!" रिक्षांना रेक्झिनचे पडदे सोडलेत. आतल्या माणसाचे फक्त गुडघे दिसतात.

मानपाड्याची रांग पानाच्या टपरीपासून सुरू होऊन औषधाच्या दुकानाला वळसा घालून मागे गेलीय. ही रांग कोणी लावलेली नाही. पोलीस नाही, दोरी नाही, पाटी नाही. येणारा माणूस मागे जाऊन उभा राहतो. मध्येच एक तरुण पुढच्या रिक्षाकडे धावतो, तसा छत्री धरलेला एक गृहस्थ शांतपणे म्हणतो, "मित्रा, लाईन तिकडनं आहे." तरुण मागे जातो. इथल्या माणसांनी रोजच्या रोज उभं राहून ही शिस्त घडवलीय आणि मला तिचा अभिमान वाटतो.

रिक्षा येते, तीन जण मागे बसतात, ती सुटत नाही. चालक बाहेर डोकं काढून म्हणतो, "एक पुढे. कोण येतंय पुढे?" ही चौथी सीट. कायद्याने तीनच प्रवासी. चौथा चालकाच्या शेजारी अर्ध्या कुल्ल्यावर बसतो, एक पाय बाहेर, एक हात पाठीमागच्या दांडीला. ज्याला घाई आहे तो बसतो. मग गाडी सुटते.

रांगेच्या बाजूला एक मावशी उभ्या आहेत. सत्तरीच्या असाव्यात. हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलंय. त्यांना मुख्य रस्त्यापासून बरंच आत, एका जुन्या सोसायटीत जायचंय. प्रत्येक रिक्षाजवळ जाऊन विचारतात.

"नाही मावशी, लाईनची आहे."

"मानपाडा रोडला सोडतो, आत नाही जात."

"आत गेलो की रिकामा यायला लागतो हो."

तिसऱ्याने कारण दिलं, आणि ते खरं आहे. आतून परत येताना त्याला सीट मिळणार नाही, आणि स्टेशनवर या घटकेला रिकामी रिक्षा उभी राहत नाही. त्याचा दिवसाचा सगळा पैसा सात ते दहाच्या दरम्यान आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही हाच हिशेब केला असता. पण त्याच्या खऱ्या हिशेबात मावशी कुठेच बसत नाहीत, हेही तितकंच खरं आहे, आणि याच दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेसाठी शहराला बस लागते.

चालत बाजीप्रभू चौकापर्यंत जाऊन येते. तिथे केडीएमटीची बस लागलीय, निवासी विभागाची. पासवाले विद्यार्थी, एमआयडीसीत रात्रपाळीला निघालेले दोघे, एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन. वाहक तिला म्हणतो, "ताई, चढा सावकाश, गाडी उभी आहे." बसायच्या जागा भरतात, मग उभ्याच्या भरतात, आणि वेळ झाल्यावर गाडी निघते. तिच्यात साठेक माणसं आहेत आणि ती रस्त्यावर जेवढी जागा घेते तेवढ्यात चार-पाच रिक्षा जेमतेम मावतील. ज्यांना आत जागा झाली नाही ते रिक्षाच्या रांगेकडे वळतात. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 साली झाली, तिची परिवहन सेवा, म्हणजे ही केडीएमटी, 1999 साली. मधली सोळा वर्षं हे शहर रिक्षाने वाहिलं आणि त्यानंतरही बराच भार तिनेच उचललाय. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून गाड्या आल्या तेव्हा त्या चालवायला चालक-वाहक पुरेसे नव्हते आणि नव्या कोऱ्या बसगाड्या आगारात उभ्या राहिल्या, हे सगळ्या शहराने वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. लोखंड विकत आणायला दिल्लीचे पैसे मिळाले. माणसांचा पगार रोज, दर महिन्याला, आपल्याच खिशातून द्यायचा असतो, आणि तिथे हात आखडला.

परत येते तेव्हा मावशींना एक जण न्यायला तयार झालाय. साठ रुपये. मावशी पिशवीतून छोटं पाकीट काढून आधीच मोजून हातात ठेवतात.

माझा नंबर लागतो. मागे तिघं: डावीकडे एक तरुण, कानात इअरफोन, मध्ये मी, उजवीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ, मांडीवर ऑफिसची बॅग. पुढे चौथा. चालक चाळिशीचा, खाकी शर्ट, खिशाला बिल्ला लावलेला. नंबरप्लेट एमएच 05, कल्याणची. तो पडद्याचं बटण लावतो, "ताई, पाय आत घ्या, पाणी उडेल," आणि किक मारतो.

चार रस्त्यावर अडकतो. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, डावीकडे एक मोठी गाडी, तिच्यात एकटा माणूस. गृहस्थ घड्याळ बघतात.

"सगळं खासगी करून टाकायला पाहिजे," ते म्हणतात. "मी भिवंडीत वाढलोय. लूमच्या खडखडाटात. लोडशेडिंगच्या दिवसांत लाईट कधी येईल ते विचारायचं नाही. कंपनीकडे दिलं आणि सुधारलं. इथली बसपण देऊन टाका एकदाची."

त्यांचं उदाहरण पोकळ नाही. भिवंडीत निम्म्याहून जास्त वीज गळती, चोरी आणि थकबाकीत जात होती. 2007 च्या जानेवारीपासून तिथलं वाटप टोरंट पॉवर या कंपनीकडे गेलं आणि ती गळती खूप खाली आली. 2020 च्या मार्चपासून शीळ, मुंब्रा, कळवा हा भागही त्याच पद्धतीने त्याच कंपनीकडे आहे. तिथे बिलांवरून आणि मीटरवरून मोर्चेही निघालेत. मी त्यांना एवढंच म्हणते की तिथल्या तारा आणि उपकेंद्रं आजही महावितरणचीच आहेत आणि विजेचा दर नियामक आयोग ठरवतो. कंपनीकडे दुरुस्ती, मीटर, वसुली आणि नवी गुंतवणूक. तिला किती गळती कमी करायची ते लिहून दिलेलं होतं आणि ती मोजता येत होती.

"मग तेच म्हणतोय मी," गृहस्थ म्हणतात. "लिहून द्या आणि मोजा."

यावर आमचं पटतं. माझा आग्रहही तोच आहे आणि तो मी मनापासून सांगते: मोजायचं काय, हे आधी ठरवा. ठाण्यातल्या ठेक्यात किलोमीटर मोजले जातात. मावशी घरी पोचल्या का, हे कुठल्या करारात मोजलं जातं? रात्री साडेदहाची शेवटची गाडी सुटली का, आतल्या वस्तीत गेली का, वेळेवर गेली का, याला पैसे आणि नाही गेली तर दंड, असा करार केला तर गाडी कोणाच्या मालकीची आहे याची मला फिकीर नाही. पण असा करार करायला आणि रोज तपासायला पालिकेत जाणती, पगारी, जबाबदार माणसं लागतात. ज्या पालिकेला स्वतःची बस चालवणं जड जातं तिला ठेकेदारावर लक्ष ठेवणं सोपं जाईल, असं मानून चालणं घातक आहे.

इअरफोनवाला तरुण एक कान मोकळा करतो. तो पलावा या खासगी वसाहतीत राहतो. "आमच्याकडे रस्ते, बागा, दिवे, सगळं असोसिएशन बघते. मेंटेनन्स भरतो ना आम्ही. खड्डा दिसला की फोटो टाकायचा."

"मग झालं तर," गृहस्थ म्हणतात.

"हो, पण गेटपर्यंत," तो म्हणतो. "गेटच्या बाहेर शिळफाटा रोड आहे. मानपाड्याहून घरी जायला मला आत्ता लोकलपेक्षा जास्त वेळ लागेल."

आमची रिक्षा दोन फूट पुढे जाते. मला या एका वाक्यात सगळ्या डोंबिवलीचं दुखणं दिसतं. रिक्षा चालकाची स्वतःची आहे, शेजारची गाडी त्या एकट्या माणसाची स्वतःची आहे, पलावातलं घर या मुलाने कर्ज काढून घेतलेलं स्वतःचं आहे, आणि ही सगळी मालमत्ता कष्टाची आहे, तिच्याकडे बोट दाखवायला मी तयार नाही. पण ज्याच्यावर ही सगळी चालते तो डांबराचा पट्टा सगळ्यांचा, आणि त्याला भाडं नाही. एका माणसासाठी मोठी गाडी काढली तरी रस्ता फुकट आणि साठ माणसांची बस काढली तरी फुकट. फुकटची वस्तू जो आधी येईल तो व्यापतो. बस त्याच कोंडीत अडकते, उशीर होतो, माणसं बस सोडून रिक्षाकडे किंवा स्वतःच्या गाडीकडे वळतात, कोंडी वाढते, बस आणखी उशिरा येते. मग बस तोट्यात आहे म्हणून ती कमी करायची. देशातल्या जवळपास कुठल्याच शहराची बस नुसत्या तिकिटावर चालत नाही, पण तोट्याचा हिशेब फक्त बसचा मांडतात. या चौकात जळणारा गॅस, पेट्रोल आणि माणसांचा वेळ कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

हा सगळा गोंधळ आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1986 मध्ये लंडन वगळता बससेवा खुली केली गेली. ज्या कंपनीला जो मार्ग परवडेल तो तिने चालवावा. मँचेस्टरच्या विल्म्सलो रोडवर, जिथे विद्यार्थ्यांची गर्दी, तिथे कंपन्यांच्या गाड्यांची रीघ लागली. कडेच्या वस्त्यांना संध्याकाळनंतर गाडी मिळेनाशी झाली. अखेर 2023 पासून जानेवारी 2025 पर्यंत ग्रेटर मँचेस्टरने टप्प्याटप्प्याने मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट पुन्हा आपल्या हातात घेतलं. गाड्या आजही कंपन्याच चालवतात, पण कुठे आणि किती वाजता ते शहर ठरवतं. त्यासाठी त्यांना जवळपास चाळीस वर्षं लागली.

आपल्याला तर हा धडा त्यांच्याही आधी मिळाला होता. 1920 नंतर आपल्याकडे गावोगावी खासगी मोटारी सुरू झाल्या. धाडसी माणसं होती ती. रस्ते नव्हते तिथे त्यांनी गाड्या घातल्या. पण गाडी भरली की सुटणार, भाडं गर्दी बघून, आणि आडगावाला कोणी विचारायचं नाही. 1939 साली मोटार वाहन कायदा आला आणि 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला राज्य परिवहनची पहिली एसटी सुटली. एसटीची ताकद तिच्या वेळापत्रकात होती. एक उतारू असला तरी गाडी सुटायची. त्या वेळी ज्या कारणासाठी सरकार या धंद्यात उतरलं, तेच कारण आज डोंबिवली स्टेशनबाहेर "एक सीट, एक सीट" म्हणून ओरडतंय.

मानपाडा येतं. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो 12 च्या कामाचे पत्रे लागलेत, त्यांच्या कडेने चिखलातून माणसं चालली आहेत. गृहस्थ उतरतात, तरुण उतरतो आणि पलावाच्या दिशेला हात करत उभा राहतो. पुढचा चौथा आधीच उडी मारून गेलाय. मला अजून पुढे जायचंय. चालक विचारतो, "ताई, स्पेशल सोडतो, पण आधी गॅस भरायला लागेल. चालेल का?"

"चालेल की."

पंपावर रिक्षांची रांग रस्त्यापर्यंत आलीय. तो इंजिन बंद करतो, उतरतो, हाताने गाडी ढकलत पुढे घेत राहतो, गॅस वाचावा म्हणून. मी पण उतरते. छपराखाली तिघे-चौघे चालक उभे आहेत, एकाच्या हातात वडापाव. पावसात बसलेल्या धंद्यावरून बोलणं सुरू आहे.

आमच्या चालकाकडे पासबुकाएवढी एक वही आहे. रबर लावलेली, ओलसर, कडा काळ्या. त्यात रोजची एक ओळ. डावीकडे आलेले, उजवीकडे गॅस, चहा, पंक्चर, बँकेचा हप्ता. महिन्याच्या शेवटी एक आकडा आणि त्याभोवती गोल. विम्याच्या आणि पासिंगच्या महिन्यात गोल काढलेलाच नाही. "त्या महिन्यात उरत नाय काय," तो म्हणतो. "बायको पोळ्या लाटून देते दोन सोसायट्यांत, त्याच्यावर निघतं." गाडी स्वतःची, हा त्याचा मान आहे. आधी तो दुसऱ्याची गाडी शिफ्टवर चालवायचा. रात्री मालकाच्या हातावर ठरलेले पैसे ठेवायचे, धंदा होवो न होवो. 2017 साली परमिटं खुली झाली तेव्हा त्याने अर्ज केला.

त्या खुल्या होण्याची दुसरी बाजू वडापाव खाणाऱ्या काकांकडे आहे. त्यांचं परमिट जुनं. राज्यात 1997 साली नवी परमिटं थांबवली गेली आणि वीस वर्षं थांबलेलीच राहिली. शहर वाढत गेलं, परमिटं तेवढीच. मग त्या कागदाला किंमत आली. सरकारी दप्तरात त्याची फी किरकोळ, बाहेर त्याचा भाव लाखाच्या पुढे. काकांनी त्या काळात बायकोचे दागिने ठेवून ते घेतलं.

"आणि मग एके दिवशी सगळ्यांना वाटून टाकलं," काका म्हणतात. "माझा कागद झाला कोरा. आता स्टँडवर गाड्या मावत नाहीत. परत बंद करा म्हणावं."

"बंद केलं असतं तर मी आज पण शेठची गाडी चालवत असतो, काका," आमचा चालक म्हणतो. आवाज चढवत नाही. "तुम्ही पैसे दिले ते चुकीचं नाय. पण मला का अडवता?"

काका उत्तर देत नाहीत, वडापावचा कागद चोळामोळा करून खिशात घालतात. दोघांचंही म्हणणं रास्त आहे, आणि दोघांनाही समोरासमोर आणून उभं केलं ते सरकारी निर्णयांनी. वीस वर्षं दार बंद ठेवायचं, मग एकदम सताड उघडायचं, आणि दोन्ही वेळा रस्त्यावर जागा किती, बस किती, स्टँड कुठे, हे कोणी मोजायचं नाही. रिक्षाचा धंदा मोकळा आहे असं म्हणणाऱ्यांनी या पंपावर येऊन बघावं. मीटरचं भाडं मुंबई महानगर क्षेत्र वाहतूक प्राधिकरण ठरवतं. 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये. परमिट सरकार देतं, गाडी पास सरकार करतं, स्टँड पालिकेच्या रस्त्यावर. फक्त जोखीम तेवढी पूर्णपणे त्याची स्वतःची. पावसात गाडी बंद पडली, पाय मोडला, गॅस महागला, तर पाच टक्क्यांची हमी देणारं कोणी त्याच्यामागे उभं नाही.

"बस वाढल्या तर तुमच्या पोटावर येईल का?" मी विचारते.

तिसरा एक जण लगेच म्हणतो, "येणारच की."

आमचा चालक थोडं थांबतो. "माझी पोरगी कल्याणला कॉलेजला जाते. बसचा पास काढलाय तिने. मी बापाने रिक्षा चालवायची आणि पोरीने बसनं जायचं. मला ते रोज रिक्षाचं भाडं परवडलंच नसतं." मग तो वहीला रबर लावतो. "संध्याकाळी माणसं एवढी आहेत ताई, की बस पण भरेल आणि मी पण भरेन. खरं मरण दुपारी आहे. बारा ते चार स्टँडवर नुसते माशा मारतो. बस मोठ्या रस्त्याने जाऊ द्या. आतल्या गल्ल्यांना आम्हाला लावा, टायमात. पण लिहून द्या. स्टँड द्या, तीन सीटला परवडेल असं भाडं द्या. चौथा काय मी हौसेने बसवतो? पोलिसाने धरलं की दिवस गेला माझा."

"आणि त्या आत जायचं म्हणणाऱ्या मावशी?"

"त्यांना नेलं की नाय कोणी?"

"नेलं. साठ घेतले."

"साठ जास्त नाहीत," तो म्हणतो. "येताना रिकामा आला असेल तो." थोड्या वेळाने पुढे म्हणतो, "पण त्यांना रोज साठ कुठून जमणार."

पंपावरचा मुलगा हाक मारतो. नळी लागते, आकडे फिरतात, पुढच्या गाडीचा हॉर्न वाजतो. चालक पैसे मोजून देतो आणि दिव्याच्या उजेडात वहीत उजव्या बाजूला आकडा टाकतो. "बसा ताई," तो म्हणतो. "मीटर टाकतो. किती होईल ते होईल."